आई-बाबांना ॲम्स्टरडॅम दाखवताना : आधी काय, मग काय आणि कुठे थांबायचं

एप्रिल उजाडला की आमच्या, म्हणजे ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलव्हीनच्या, ट्राममध्ये साडीवर जाड जॅकेट आणि पायात नवे कोरे बूट घातलेल्या आया दिसायला लागतात. शेजारी बाबा, खिशात पासपोर्ट चाचपत. त्यांना फिरवण्याच्या बाबतीत बहुतेक घरांत एकच चूक होते. शनिवार-रविवारी दिवसाला चार-चार ठिकाणं दाखवली जातात आणि सोमवार ते शुक्रवार ती दोघं खिडकीपाशी बसून असतात. तीन महिन्यांच्या मुक्कामात साठ-पासष्ट दिवस असे खिडकीत जातात.

सासूबाई आणि सासरे पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना दुसऱ्याच दिवशी पवनचक्क्या बघायला नेलं. दिवसभर चालणं झालं, रात्री सासऱ्यांचा गुडघा सुजला आणि पुढचे नऊ दिवस त्यांनी सोफ्यावर काढले. पुढच्या खेपेला आणि नंतर माझे आई-बाबा आले तेव्हा क्रम बदलला : आधी घर, मग गल्ली, मग ट्राम, मग शहर. दुसरा आठवडा संपेपर्यंत पाहुण्यांना आपापलं बाहेर पडता आलं पाहिजे, हे त्यामागचं सूत्र. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा टप्पा गाळला की पुढे कुठेतरी गाडी अडते.

१. दीड-दोन महिने आधी : तारखा, तिकिटं आणि बूट

तारीख ठरवताना विमानभाड्याबरोबर उजेडही बघा. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. ट्युलिपसाठी येणार असाल तर क्युकेनहॉफची बाग साधारण मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते आणि एप्रिलचा मध्य सहसा सगळ्यात चांगला. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवसाचा उत्सव असतो (त्या दिवशी रविवार आला तर २६ ला). शहराच्या मध्यभागी त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते आणि ट्रामचे मार्ग बदलतात. ज्येष्ठांना घेऊन त्या दिवशी मध्यवस्तीत जाऊ नका.

ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सकाळी दहाला (इथल्या वेळेनुसार) सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची तिकिटं खुली होतात आणि भराभर संपतात. ‘आल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला ती मिळत नाहीत. मात्र तिकीट काढायच्या आधी गुडघ्यांची चौकशी करा, कारण जुन्या घरातले जिने अतिशय उभे आहेत आणि तिथे लिफ्ट नाही. व्हॅन गॉग म्युझियमचंही वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट काढावं लागतं.

सावधान : पहिल्या पाच दिवसांतलं एकही तिकीट काढू नका. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून दमलेल्या माणसाला ओढत नेलं जातं.

विमानतळावर व्हीलचेअरची मदत हवी असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. चालता येणाऱ्यांनीही ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. स्किपोल विमानतळावरची अंतरं लांब आहेत, शिवाय पहिलाच परदेशप्रवास असेल तर बरोबर एक माणूस असल्याचा आधार मोठा असतो.

आता बुटांकडे या. बूट भारतातच घ्यायला सांगा आणि निघण्याआधी महिनाभर रोज घालून चालायला सांगा. चालताना मोजायचं : न थांबता, न दुखता किती मिनिटं जमतं? पंचवीस म्हणाले तर पंचवीस. हा आकडा लिहून ठेवा, पुढचं सगळं वेळापत्रक त्याच्यावर बेतायचं आहे. छत्री आणू नका म्हणावं. इथल्या वाऱ्यात ती पहिल्या झटक्यात उलटी होते. टोपी असलेला रेनकोट हवा, त्याच्या आत स्वेटर मावेल एवढा सैल.

औषधं संपूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं, कारण ब्रँडची नावं इथे वेगळी आहेत. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण त्यात आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार धरलाय का, हे पॉलिसीत स्वतः वाचा. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तरी वाचा.

तपासा : चालण्याची मिनिटं लिहिली? व्हीलचेअर कळवली? चिठ्ठी बॅगेत?

२. पहिले तीन दिवस : घर

वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. घरी सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला इथे रात्री अडीच वाजता जाग येणार. तुमची झोप मोडू नये म्हणून ती दोघं अंधारात, दिवा न लावता बसून राहतात. आमच्याकडे हे चौथ्या दिवशी कळलं. म्हणून पहिल्याच रात्री थर्मासमध्ये चहा, डब्यात बिस्किटं आणि बैठकीत एक छोटा दिवा लावून ठेवा आणि सांगा, ‘उठलात की खुशाल इथे येऊन बसा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी घराची ओळख. इंडक्शनची शेगडी कशी लावायची, नळाचं गरम पाणी किती कढत येतं (इथे ते खरोखर भाजतं) आणि जिना. डच घरातला जिना म्हणजे जवळजवळ शिडी. उतरताना कठडा धरून, पाऊल तिरकं टाकून उतरायला शिकवा. पहिल्या दिवशी पुढे तुम्ही, मागे ते. तुम्ही पुढे असलात म्हणजे तोल गेला तरी आधार असतो.

सावधान : इथला पुढचा दरवाजा ओढला की आपोआप बंद होतो आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. बाबा पेपरचा कचरा टाकायला चप्पल घालून बाहेर जातात, दार लागतं आणि आत आई आंघोळीला गेलेली असते. दोघांना वेगवेगळी किल्ली द्या. गळ्यात अडकवली तर उत्तम.

या तीन दिवसांत दुपारी अर्धा तास बाहेर उजेडात फिरणं एवढंच करायचं. दुपारची झोप तासाभरापेक्षा जास्त नको.

३. चौथा दिवस : गल्ली आणि लाल रस्ता

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक नेमका हाच गाळतात. ॲम्स्टरडॅममध्ये पाहुण्यांना मोटारीपेक्षा सायकलीचा धोका जास्त असतो. सायकलचा रस्ता तांबूस-लाल डांबराचा असतो, फुटपाथला लागून, बऱ्याचदा त्याच उंचीवर. आपल्या माणसाला तो फुटपाथच वाटतो. आई त्यावर थांबून फोटोसाठी पदर सारखा करत होती. मागून घंटी वाजली आणि ती दचकून एक पाऊल मागे सरली. तिथेच घोटाळा झाला. सायकलवाला मागच्या बाजूनेच वळसा घेत होता. हँडल तिच्या कोपराला घासून गेलं. दुखापत झाली नाही, पण त्यानंतर चार दिवस ती माझा हात सोडायला तयार नव्हती.

म्हणून घराजवळच्या शांत चौकात एक तास सराव करा :

पहिल्यांदा नुसतं उभं राहून दाखवा : हा फुटपाथ, हा लाल रस्ता सायकलचा, हा गाड्यांचा, हे ट्रामचे रूळ. म्हणजे एक रस्ता ओलांडताना तीन-चार वेगवेगळे रस्ते ओलांडायचे असतात. प्रत्येकाच्या कडेला थांबून परत बघायचं.

मग नजर. भारतात वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपली मान आधी उजवीकडे वळते. इथे आधी डावीकडे बघायचं. सायकलच्या रस्त्यावर तर दोन्हीकडे, कारण पुष्कळ ठिकाणी तो दुतर्फा असतो.

मग घंटी. घंटी ऐकली की धावायचं नाही, मागे उडी मारायची नाही. चालत असाल तर त्याच गतीने सरळ चालत राहायचं, उभे असाल तर स्तब्ध राहायचं. सायकलवाल्याने तुमचा अंदाज घेतलेला असतो. तुम्ही अचानक हललात की तो चुकतो.

असे दहा-बारा वेळा रस्ते ओलांडून घ्या. शेवटच्या तीन वेळा तुम्ही बोलू नका, फक्त मागे उभे राहा.

तपासा : न सांगता डावीकडे मान वळली का? लाल पट्ट्याच्या अलीकडे पाय थांबला का? नसेल तर उद्या परत. घाईने पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

४. पाचवा-सहावा दिवस : ट्रामचा सराव

कुठेही जायचं नसताना ट्राममध्ये बसवा. आमच्याकडून ५ नंबरची ट्राम स्टेशन झाउद, म्युझियमप्लेन, लाइत्सेप्लेन अशी जाते. तीच आम्ही सरावाला घेतो, कारण खिडकीतून अर्धं शहर दिसून जातं.

चढल्यावर दाराजवळच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. बँकेचं संपर्कविरहित कार्ड चालतं, मोबाइलही चालतो. चुका इथे ठरलेल्या असतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाचं कार्ड वेगळं. चढताना मोबाइल आणि उतरताना कार्ड असं केलं तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोन्हीकडून पैसे कापले जातात. उतरताना टेकवायचं विसरलं तर ट्राम-बस-मेट्रोला ४ युरो आणि रेल्वेला २० युरो कापले जाऊ शकतात. ट्राममध्ये रोख पैसे घेत नाहीत. पाकिटात दोन कार्डं असतील तर पाकीट टेकवू नका, कार्ड बाहेर काढा.

दिवसभर बरंच फिरायचं असेल तेव्हा ट्राम-मेट्रोचं दिवसाचं तिकीट घ्या, ते २४ तासांपासून सात दिवसांपर्यंतचं मिळतं. पण ते राष्ट्रीय रेल्वेत चालत नाही. स्टेशन झाउदवर मेट्रो आणि रेल्वे दोन्ही असल्यामुळे तिथे गल्लत होते. तिथे मेट्रोचीच पाटी बघायला शिकवा.

पहिल्या फेरीला कार्ड तुम्ही टेकवा, दुसऱ्या फेरीला त्यांना टेकवू द्या. तिसऱ्या फेरीला तुम्ही डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसा आणि थांबा कधी आला हे त्यांनाच ओळखू द्या. बाबांनी आमच्या थांब्याच्या आधीचे तीन थांबे मराठीत डायरीत लिहून काढले होते. उच्चार डचांना पटला नसता, पण त्यांना तो पुरला.

५. बाहेर पडण्याआधी : पोट आणि शौचालय

याबद्दल मोकळेपणी बोला, कारण ते बोलणार नाहीत. परक्या शहरात लघवीची अडचण होईल म्हणून आपले ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे फार बाधतं. म्हणून निघतानाच सांगायचं : ‘अकरा वाजता इथे, एक वाजता तिथे शौचालय आहे.’ संग्रहालयात ते आतच असतं. स्टेशनांवर आणि बऱ्याच दुकानांत ५० सेंट ते एक युरो लागतो, कुठे फक्त कार्ड चालतं, कुठे नाणं. दोन्ही त्यांच्याजवळ द्या. सेंट्राल स्टेशनजवळचं सार्वजनिक ग्रंथालय लक्षात ठेवा. सातव्या मजल्यावर उपाहारगृह आणि गच्ची आहे, तिथून जुनं शहर दिसतं आणि बसायला निवांत जागा मिळते. सगळीकडे कागदच असतो, म्हणून पिशवीत पाण्याची एक छोटी रिकामी बाटली ठेवा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, विकत घेऊ नका.

शाकाहारी असतील तर ‘भाजीचं सूप’ या नावावर जाऊ नका, त्यात इथे बहुधा मांसाचे छोटे गोळे असतात. अंडं चालत नसेल तर ‘झोन्डर आय’, म्हणजे अंड्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करून द्या. बऱ्याच डच चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, तेव्हा पाकिटावर शाकाहारी लिहिलंय का ते बघा.

बाहेर जेवायचं झालं तर सुरिनामी रोटीच्या दुकानात न्या. १८७३ पासून बिहार आणि उत्तर प्रदेशातून दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरिनामला, मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशज पुढे इथे आले, त्यांची ही रोटी. बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी तिच्याबरोबर येते. काउंटरवरच्या बाईंनी बाबांना त्यांच्या सरनामी बोलीत ‘कहाँ से?’ विचारलं आणि बाबा पाऊण तास तिथून हलले नाहीत. अंडं मात्र शाकाहारी रोटीतही असतं, आधी सांगा.

पिशवीत : डबा (पोळी-भाजीचा रोल, दशम्या, लाडू), पाणी, औषधं, नाणी आणि चिठ्ठी. पासपोर्ट आतल्या खिशात, कारण इथे ओळखपत्र जवळ बाळगावंच लागतं. सेंट्राल स्टेशनवर आणि गर्दीच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात.

६. पहिला शहरदिवस : बसून बघायचा

पहिल्या दिवशी चालवू नका. छप्पर असलेल्या बोटीतून तासाभराची कालव्यांची फेरी घ्या. शहराची रचना बसल्या जागी समजते आणि मग पुढे ‘आपण त्या पुलाखालून गेलो होतो’ अशी खूण राहते. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा.

त्यानंतर सेंट्राल स्टेशनच्या मागच्या बाजूने सुटणारी फेरीबोट. आय हा रुंद जलाशय ओलांडून बाउक्स्लोटरवेखला काही मिनिटांत पोचते आणि पूर्णपणे मोफत आहे. आमच्या आईला सशुल्क बोटीपेक्षा हीच जास्त आवडली, कारण तिच्यात शाळेची पोरं, सायकली आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका होत्या.

सावधान : ‘कॉफीशॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात गांजा विकतात. कॉफी हवी असेल तर ‘कॅफे’. हे घरूनच सांगून ठेवा. दुसरं, स्टेशनवरून डाम चौकाकडे जाताना डाव्या हाताच्या गल्ल्यांत वळलात की लाल दिव्यांच्या वस्तीत शिरता. जायचं की नाही ते आधी ठरवा. जायचं नसेल तर मुख्य रस्ता सोडू नका. तिथल्या खिडक्यांचे फोटो काढायला मनाई आहे आणि ती पाळायलाच हवी.

७. मोठी ठिकाणं : एका दिवशी एक, आणि मध्ये एक रिकामा दिवस

पहिल्या टप्प्यात लिहिलेला मिनिटांचा आकडा काढा. कुठलंही ठिकाण निवडताना दोन बाकांमधलं अंतर त्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त नसावं.

राइक्सम्युझियमला सकाळी नऊला, उघडताच जा. इमारतीखालून जो रस्ता जातो त्यातून सायकलीही जातात, तेव्हा कडेने चाला. आत लिफ्टने थेट दुसऱ्या मजल्यावर, मानाच्या दालनात : फर्मीरची दूध ओतणारी बाई आणि रेम्ब्रांटचं १६४२ मधलं ‘नाइट वॉच’. दोन्हीसमोर बसून बघा. मग मधलं सगळं सोडून आशियाई दालनात उतरा. तिथे चोळकाळातला भरीव कांस्याचा नटराज आहे. आई त्याच्यासमोर आली, चपला काढाव्यात की नाही अशी क्षणभर घुटमळली आणि मग बुटांसकट हात जोडून उभी राहिली. पहारेकरी लांबून बघत होता, काही बोलला नाही. आम्ही तिथे वीस मिनिटं होतो आणि घरी आल्यावर फोनवर तिने सगळ्यांना आधी त्याचंच सांगितलं. दीड-दोन तासांत बाहेर पडा. सगळं संग्रहालय दाखवायचा हट्ट धरू नका.

पवनचक्क्यांसाठी झान्स स्कान्सला जायचं तर सेंट्रालहून रेल्वेने वीस मिनिटांच्या आत पोचता, पण स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालावं लागतं आणि आतही चालणंच आहे. गुडघे साथ देत नसतील तर आम्स्टल नदीकाठची रीकरमोलन ही जुनी पवनचक्की बघा. शेजारी रेम्ब्रांटचा पुतळा आहे, बसायला जागा आहे, गर्दी नाही. फोटो तितकाच सुंदर येतो.

आल्बर्ट काउपचा बाजार सोमवार ते शनिवार भरतो, रविवारी बंद. मेट्रो ५२ ने डी पाइप स्टेशनला उतरायचं.

८. एकटं पाठवणं

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक ठरलेला, छोटा मार्ग द्या : घर, ट्राम, ग्रंथालय किंवा बाजार, परत. सकाळी दहाला निघून बाराला परत. खिशात डच भाषेत लिहिलेला घरचा पत्ता, तुमचा नंबर कागदावर (मोबाइल बंद पडतो) आणि आणीबाणीचा ११२. हरवलात तर चालत शोधायचं नाही, जवळच्या ट्रामथांब्यावर थांबून फोन करायचा, हे तीनदा सांगा.

साध्या आजारपणात थेट रुग्णालयात जाऊ नका. आधी हाउसआर्ट्सला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला फोन करायचा, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या आळीपाळीच्या केंद्राला. हा नंबर फ्रिजवर चिकटवा.

तुम्ही त्या वेळी ऑफिसातून दर दहा मिनिटांनी फोन करू नका. ट्राममध्ये फोन घ्यायच्या नादात थांबा निघून जातो. पोचल्यावर एक आणि परतल्यावर एक, एवढेच फोन ठरवा.

९. परतीचा आठवडा

शेवटचे तीन दिवस कुठेही तिकीट नको. चीज घेतलंत तर हवाबंद पाकिटातलं घ्या. ट्युलिपचे कंद योग्य वनस्पती-प्रमाणपत्र आणि परवानगीशिवाय भारतात नेता येत नाहीत, म्हणून बाजारातली सुटी पाकिटं भरू नका. परतीच्या व्हीलचेअरसाठी पुन्हा ४८ तास आधी कळवा, येतानाची नोंद परतीला लागू झालीय असं गृहीत धरू नका. आणि निघायच्या आदल्या दिवशी बाबांकडून ट्रामची कार्डं मागून घेऊ नका. विमानतळावर जाणाऱ्या गाडीत बसेपर्यंत ती त्यांच्या खिशात राहू द्या, सकाळी त्यांना एकदा बाजारापर्यंत जाऊन यायचं असतं.